आकांक्षा, योग्यता आणि संनिधी : संगणक-भाषेच्या जोडणीतील दोषांचे निदान

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी संगणक-भाषा तिच्या मूळ सोर्सवरून आपल्या यंत्रावर सिद्ध करून घेण्याचा प्रसंग आज केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासकावरच येतो असे नाही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. ‘लुआ’ या भाषेचे उदाहरण घ्यावे. रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथॉलिक विद्यापीठात रोबेर्तो इरुसालिम्स्की, लुईस हेन्रिक दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी १९९३ साली ती निर्माण केली. मराठी विकिपीडियावरील अनेक साचे याच भाषेत लिहिलेल्या विभागांच्या आधारे चालतात, आणि ग्रंथजुळणीच्या ‘लुआटेक’ या आज्ञावलीतही तीच अंतर्भूत आहे.

तयार मिळणारी भाषा असताना सोर्सवरून ती घडविण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. ‘क्षेत्र’ या शब्दाची लांबी लुआच्या ५.१ आवृत्तीतील नेहमीच्या साधनाने मोजली, तर उत्तर २१ येते. कारण ते साधन बाइट मोजते, आणि देवनागरीतील प्रत्येक युनिकोड-चिन्हाला तीन बाइट लागतात. २०१५ मधील ५.३ आवृत्तीत यूटीएफ-८ साठी स्वतंत्र साधन आले. त्याने मोजल्यास उत्तर ७ येते. शब्दसंग्रहावर काम करणाऱ्यास हा भेद क्षुल्लक नाही. ज्या यंत्रावर जुनीच आवृत्ती उपलब्ध आहे, तेथे नवी आवृत्ती सोर्सवरून घडविणे हाच सरळ मार्ग उरतो.

या मार्गावर पहिली मोठी अडचण बहुधा अखेरच्या पायरीवर येते. सर्व फाइली एकामागून एक बिनतक्रार पार पडतात, आणि शेवटी लिंकर संदेशांची एक लांबलचक माळ पुढे ठेवून थांबतो. अशा वेळी अभ्यासक एक तर काम सोडून देतो, किंवा कोठून तरी मिळालेला उपाय अर्थ न समजता योजतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक घातक होय. चुकीच्या उपायानेही संदेश नाहीसे होऊ शकतात. दोष मात्र आतच राहतो आणि पुढे निष्कर्षांतून डोकावतो. म्हणून लिंकरचे संदेश घालविण्यापूर्वी ते वाचता येणे अगत्याचे आहे. हे संदेश वाचण्यासाठी लागणारी दृष्टी शाब्दबोधाच्या भारतीय विचारात चांगल्या प्रकारे सापडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. संकलन आणि जोडणी

सोर्सवरून आज्ञावली घडविण्याचे दोन टप्पे स्पष्टपणे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्या टप्प्यात कंपायलर प्रत्येक सोर्स-फाइल स्वतंत्रपणे घेतो आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून एक ऑब्जेक्ट फाइल निर्माण करतो. या वेळी तो शेजारच्या फाइलीकडे पाहत नाही. फाइलीत एखाद्या फंक्शनचा उल्लेख आला आणि त्याची व्याख्या अन्यत्र असली, तर तो त्या जागी केवळ नाव नोंदवून जागा रिकामी ठेवतो. दुसऱ्या टप्प्यात लिंकर या सर्व ऑब्जेक्ट फाइली आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या एकत्र आणतो, प्रत्येक उल्लेखाला त्याची व्याख्या शोधून देतो आणि रिकाम्या जागी पत्ते भरतो.

वाक्यरचनेच्या चुका पहिल्या टप्प्यात पकडल्या जातात. दुसऱ्या टप्प्यातील चुका एका वाक्याच्या नसून वाक्यावाक्यांतील संबंधाच्या असतात. ‘तो काल आला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ‘तो’ कोण, हे मागच्यापुढच्या संदर्भात कोठेच नसेल, तर दोष वाक्याचा नव्हे, संदर्भाचा. लिंकरचे काम या प्रकारचे आहे.

शब्दार्थाच्या इतिहासाच्या दृष्टीने येथे एक मनोरंजक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी ‘ए-०’ नावाची पद्धती सिद्ध केली, आणि तिला ‘कंपायलर’ हे नाव दिले. ती पद्धती आजच्या अर्थाने भाषांतर करीत नसे; संग्रहातील तयार उपआज्ञावल्या क्रमांकावरून शोधून त्या एकत्र गुंफीत असे. म्हणजे ‘कंपायलर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘संकलन करणारा’ असा शब्दशः होता, आणि ते काम आज लिंकर करतो. पुढे शब्द भाषांतराकडे गेला आणि संकलनासाठी नवा शब्द रूढ झाला. सोर्सवरून भाषा ‘कंपाइल’ करीत असता आलेला दोष प्रत्यक्षात जोडणीचा असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याचे एक कारण या शब्दाच्या सैल वापरात आहे.

३. नामसूची

लुआच्या ५.४ आवृत्तीत (२०२०) भाषेचा गाभा आणि तिची प्रमाणभूत साधने मिळून बत्तीस ऑब्जेक्ट फाइली होतात. त्या ‘लिबलुआ.ए’ या एका स्थिर लायब्ररीत बांधल्या जातात. मग ‘लुआ.ओ’ ही मुख्य आज्ञावलीची फाइल, ही लायब्ररी आणि यंत्रणेच्या काही लायब्ऱ्या यांची जोडणी होऊन चालू शकणारी ‘लुआ’ ही फाइल तयार होते. सर्व दोष या शेवटच्या ओळीवर प्रकट होतात.

प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत एक नामसूची असते. ‘एनएम’ या साधनाने ती वाचता येते. ‘लुआ.ओ’ ची सूची पाहिली तर ‘मेन’ या नावापुढे ‘टी’ हे मोठ्या लिपीतील रोमन अक्षर दिसते. अर्थ असा की, या नावाची व्याख्या येथेच आहे आणि ती इतरांना खुली आहे. ‘पीमेन’ या नावापुढे तेच अक्षर लहान लिपीत दिसते. त्याची व्याख्या येथे आहे, पण ती या फाइलीपुरतीच. ‘लुआ_क्लोज’ या नावापुढे ‘यू’ हे अक्षर असते. येथे उल्लेख आहे, व्याख्या नाही. लिंकरच्या दृष्टीने सारे जग या तीन प्रकारच्या नोंदींचे बनलेले आहे. नावाचा अर्थ काय, फंक्शन काय करते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

वाक्यातील पदांपासून एकसंध बोध कसा होतो, या प्रश्नाचा ऊहापोह मीमांसकांनी आणि नैयायिकांनी केला आहे. त्यांच्या मते त्यास तीन गोष्टी आवश्यक असतात. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे व ती पुरी होणे, ही आकांक्षा. जोडली जाणारी पदे परस्परांशी जुळण्याजोगी असणे, ही योग्यता. ‘विस्तवाने झाड शिंपले’ या वाक्यात आकांक्षा पुरी होते, पण योग्यता नाही. पदे उचित सान्निध्याने येणे, ही संनिधी. सकाळी ‘गाय’ आणि संध्याकाळी ‘आण’ असे उच्चारल्यास वाक्य होत नाही. लिंकरचे बहुतेक सर्व दोष या तीन सदरांत बसतात. कोणते सदर बिघडले आहे हे ओळखणे म्हणजे निम्मे निदान होय.

४. आकांक्षेचे दोष

सर्वांत परिचित संदेश ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा आहे. त्याचा सरळ अर्थ : उल्लेख आहे, व्याख्या मिळाली नाही. या संदेशात दोन माहित्या असतात आणि दोन्ही वाचल्या पाहिजेत. लुआची जोडणी करताना गणिताची लायब्ररी सांगणारा ‘-एलएम’ हा निर्देश गाळला, तर संदेश येतो की ‘लिबलुआ.ए’ मधील ‘एलमॅथलिब.ओ’ या फाइलीतील ‘मॅथ_साइन’ या फंक्शनात ‘साइन’ या नावाची व्याख्या मिळाली नाही. पूर्वार्ध आकांक्षा कोणाला आहे ते सांगतो, उत्तरार्ध ती कशाची आहे ते सांगतो. पूर्वार्धावरून हे कळते की लुआची लायब्ररी सापडली आहे आणि तिचे पोट उघडले गेले आहे; उणीव तिच्या पलीकडची आहे. जो वाचक केवळ ‘साइन’ एवढेच पाहतो, तो पुष्कळदा लुआचा सोर्स पुन्हा उतरवून घेण्याच्या खटाटोपास लागतो.

आकांक्षा अपुरी राहण्याची कारणे चार प्रकारची असतात.

पहिले, व्याख्या असलेली लायब्ररी सांगितलेलीच नाही. ‘साइन’ चे उदाहरण याच प्रकारचे. ‘डीएलओपन’ या नावाचा दोषही या जातीचा आहे. बाहेरील विभाग चालू स्थितीत आत घेण्यासाठी लिनक्सवरील लुआला हे फंक्शन लागते, आणि दीर्घकाळ ते ‘-एलडीएल’ या वेगळ्या लायब्ररीत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जीलिबसी’ च्या २.३४ आवृत्तीपासून ते मुख्य लायब्ररीतच अंतर्भूत झाले. गणिताची लायब्ररी मात्र वेगळीच राहिली. परिणामी एकच आज्ञा नव्या यंत्रावर निर्विघ्न चालते आणि जुन्या यंत्रावर मोडते. आज्ञा शुद्ध होती असा निष्कर्ष पहिल्या यंत्रावरून काढणे चूक ठरेल. तिच्यातील उणीव तेथे केवळ झाकली गेली होती.

दुसरे, सांगितलेल्या लायब्ररीला स्वतःचीच आणखी एक आकांक्षा असते. ओळ टंकित करताना मागे-पुढे जाण्याची सोय करणारी ‘रीडलाइन’ लायब्ररी हे याचे नमुनेदार उदाहरण. काही यंत्रणांवर ती जोडल्यावर ‘टीपुट्स’, ‘टीगेटएन्ट’ अशी नावे अपुरी राहतात. ही नावे लुआच्या सोर्समध्ये शोधून सापडणार नाहीत. ती रीडलाइनला हवी आहेत आणि ‘एनकर्सेस’ या लायब्ररीत मिळतात. म्हणूनच लुआच्या ५.१ आवृत्तीच्या मेकफाइलमध्ये रीडलाइनमागोमाग एनकर्सेसचाही निर्देश केलेला आढळतो. येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. रीडलाइनची हेडर फाइल नसेल तर तक्रार कंपायलर करतो. लायब्ररीच नसेल तर ‘-एलरीडलाइन सापडत नाही’ असे लिंकर म्हणतो. आणि लायब्ररी असून तिच्यात नाव नसेल तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. ग्रंथाची अनुक्रमणिका नसणे, ग्रंथच नसणे आणि ग्रंथ असून त्यात ते प्रकरण नसणे, अशा या तीन वेगळ्या अवस्था आहेत. तिघींचा उपचार एक नव्हे.

तिसरे, नावच कालबाह्य झालेले असते. लुआच्या ५.१ मध्ये ‘लुआ_ऑब्जलेन’ हे नाव होते; ५.२ मध्ये त्याची जागा ‘लुआ_रॉलेन’ ने घेतली. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला विभाग नव्या हेडरबरोबर संकलित केला, तर पूर्वीचे कंपायलर अघोषित नावाबद्दल केवळ इशारा देत व पुढे जात. दोष जोडणीत किंवा त्याहून उशिरा, विभाग आत घेताना उघड होई. २०२४ मधील जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीने अशा अघोषित नावास पहिल्याच टप्प्यात प्रतिबंध केला. जोडणीतील पुष्कळसे दोष वस्तुतः पहिल्या टप्प्यातील दुर्लक्षित इशारे असतात, हे यावरून दिसून येते.

चौथे, नाव तेच, पण त्याचे रूप वेगळे असते. सी++ या भाषेत एकाच नावाची, वेगवेगळे विषय घेणारी अनेक फंक्शने असू शकतात. लिंकरला तर नावापलीकडे काही कळत नाही. म्हणून सी++ चा कंपायलर नावालाच विषयांच्या जातींचे प्रत्यय जोडतो. ‘लुआ_क्लोज’ हे साधे प्रातिपदिक. जीसीसीच्या सी++ मध्ये त्याच्या आरंभी एक खूण, मग नावाची रोमन अक्षरसंख्या ९, मग नाव, मग निर्देशकाचे चिन्ह आणि शेवटी विषयाची जात, असे एक दीर्घ पद तयार होते. सी मध्ये घडविलेल्या लायब्ररीत मात्र प्रातिपदिकच असते. दोघांची गाठ पडत नाही. हा दोष ओळखण्याची खूण संदेशातच असते : अपुऱ्या नावापुढे कंसात विषयांच्या जाती छापलेल्या दिसल्या, तर मागणी सी++ च्या रूपाची झाली आहे असे समजावे. लुआबरोबर येणारी ‘लुआ.एचपीपी’ ही हेडर फाइल ‘ही नावे सी च्या पद्धतीने वाचावीत’ एवढेच सांगण्यासाठी आहे. मात्र लुआच सी++ च्या कंपायलरने घडविली असेल, तर हीच फाइल विरुद्ध दोष उत्पन्न करील.

आकांक्षेचा उलट दोष म्हणजे एका उल्लेखाला दोन व्याख्या मिळणे. ‘मल्टिपल डेफिनिशन’ हा त्याचा संदेश. लुआच्या सोर्समधील सर्व सी फाइली एका आज्ञेत सरसकट संकलित करू पाहणाऱ्यास तो हटकून भेटतो. कारण ‘लुआ.सी’ आणि ‘लुआसी.सी’ या दोन वेगळ्या आज्ञावल्या आहेत आणि दोघींत ‘मेन’ ची व्याख्या आहे. येथे सोर्समध्ये काहीच बिघडलेले नसते. दोन स्वतंत्र ग्रंथ एका पुठ्ठ्यात बांधण्याचा प्रयत्न झालेला असतो. इतर जुन्या सोर्समध्ये हाच संदेश २०२० नंतर नव्याने दिसू लागला; कारण आरंभमूल्य न देता अनेक फाइलींत पुनःपुन्हा घोषित केलेली चले एकच मानण्याची जुनी सवलत जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून आपोआप लागू होईनाशी झाली.

५. संनिधीचे दोष

व्याख्या आहे, लायब्ररीही सांगितली आहे, तरी नाव अपुरे, असा अनुभव आल्यास क्रमाकडे लक्ष द्यावे. लिनक्सवरील प्रचलित लिंकर आज्ञेची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. ऑब्जेक्ट फाइल भेटली की ती पूर्णपणे घेतो. स्थिर लायब्ररी भेटली की त्या क्षणी जी नावे अपुरी आहेत, त्यांची व्याख्या करणारे घटकच तेवढे उचलतो, आणि पुढे जातो. मागे वळून पाहत नाही. ‘लिबलुआ.ए’ आधी आणि ‘लुआ.ओ’ नंतर लिहिल्यास लायब्ररीपाशी पोचताना लुआच्या एकाही नावाची अपेक्षा निर्माण झालेली नसते. म्हणून तो काहीच उचलीत नाही. नंतर ‘लुआ.ओ’ येते, ती अनेक नावांची मागणी करते, पण पुरवठा करणारी लायब्ररी मागे पडलेली असते.

नियम असा ठरतो की, मागणारा आधी आणि पुरविणारा नंतर असावा. ‘लुआ.ओ’, मग ‘लिबलुआ.ए’, मग ‘-एलएम’ हा मेकफाइलमधील क्रम याच नियमाने आलेला आहे. सामायिक लायब्ऱ्यांच्या बाबतीत हा नियम पूर्वी इतका कडक नव्हता. परंतु ज्या लायब्ररीची तोवर गरज पडलेली नाही ती वगळण्याची प्रथा काही वितरणांनी स्वीकारली, उबंटूने २०११ मध्ये, आणि मग ‘-एलएम’ आरंभी लिहिण्याची जुनी सवय दोषास्पद ठरली. दोन स्थिर लायब्ऱ्या परस्परांवर अवलंबून असतील, तर कोणताच एक क्रम पुरत नाही. अशा वेळी त्यांचा एक गट करून तो पुनःपुन्हा तपासावा, असे लिंकरला सांगता येते.

येथे माणसाच्या आणि लिंकरच्या आकलनातील अंतर स्पष्ट दिसते. मराठीत ‘आणली का रे ती पुस्तकं?’ या वाक्यात क्रियापद आधी आले तरी श्रोता पुढील कर्मासाठी थांबतो, आणि पुढचे पद ऐकून मागचे जुळवून घेतो. लिंकर पुढच्यासाठी थांबतो, पण पुरवठा मागे राहिल्यास त्याच्याकडे परतत नाही. त्याची स्मृती मागणीची आहे, पुरवठ्याची नाही.

६. योग्यतेचे दोष

नाव सापडले, क्रमही बरोबर, तरी वस्तू जुळण्याजोगी नसेल तर योग्यतेचा दोष होतो. त्याचा ठळक प्रकार म्हणजे वेगळ्या यंत्रजातीची फाइल. ३२ बिटांसाठी घडविलेली लायब्ररी ६४ बिटांच्या जोडणीत दिल्यास लिंकर ‘न जुळणारी म्हणून वगळली’ असे सांगून पुढे जातो, आणि शेवटी लायब्ररीच सापडली नाही असे म्हणतो. अशा वेळी शेवटची ओळ दिशाभूल करते. खरे कारण तिच्या आधीच्या ओळीत असते.

दुसरा प्रकार रीलोकेशनचा. सामायिक लायब्ररीतील आज्ञा स्मृतीत कोठेही ठेवता आल्या पाहिजेत, म्हणून त्या ‘-एफपीआयसी’ या निर्देशाने संकलित कराव्या लागतात. तसे न करता घडविलेली ‘लिबलुआ.ए’ एखाद्या सामायिक लायब्ररीत गुंफू पाहिल्यास लिंकर नकार देतो आणि त्या निर्देशासह पुन्हा संकलन करण्यास सुचवितो. लिंकरच्या संदेशांत स्वतःच उपाय सांगणारे जे थोडे संदेश आहेत, त्यांपैकी हा एक होय. मात्र हा उपाय जोडणीच्या ओळीवर नव्हे, संकलनाच्या ओळीवर करावयाचा असतो. जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसून सर्व बत्तीस फाइली नव्याने घडवाव्या लागतात.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात संदेशच येत नाही. ‘लुआ_रिझ्यूम’ हे फंक्शन ५.३ मध्ये तीन विषय घेते, ५.४ मध्ये चार, आणि चौथा विषय म्हणजे परिणामांची संख्या जेथे लिहावयाची त्या जागेचा पत्ता. आता असे समजावे की यंत्रावर ५.३ ची हेडर फाइल आधीपासून आहे, आणि सोर्सवरून घडविलेली ५.४ ची लायब्ररी नेहमीप्रमाणे ‘/यूएसआर/लोकल’ खाली बसविली गेली. हेडर जुनी आणि लायब्ररी नवी, असा संकर झाला. कंपायलर जुन्या हेडरप्रमाणे तीन विषय देतो. सी मध्ये नावाला प्रत्यय नसल्याने दोन्हीकडे नाव एकच. लिंकर समाधानाने गाठ मारतो. चालविताना मात्र नवे फंक्शन चौथ्या विषयाच्या जागी जे काही पडले असेल त्याला पत्ता समजून तेथे संख्या लिहिते. आज्ञावली कोसळली तर ते सुदैवच; न कोसळता भलत्याच ठिकाणचा आकडा बदलला, तर संशोधकाच्या सारणीतील चूक कोणाच्याच लक्षात येणार नाही.

जुन्या हेडर आणि नवी लायब्ररी यांच्या संकरातून ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर त्याबद्दल तक्रार न करता समाधान मानावे, ते याच कारणाने. उदाहरणार्थ, ‘लुआ_न्यूयूझरडेटा’ हे नाव ५.४ च्या लायब्ररीत फंक्शन म्हणून उरलेले नाही. ते एका नव्या फंक्शनाकडे वळविणारा मॅक्रो झाले आहे. जुन्या हेडरने त्याची मागणी केल्यास जोडणी तेथेच अडते आणि संकर उघडकीस येतो. नाव बदलणे हा येथे प्रामाणिकपणा ठरतो; नाव कायम ठेवून अर्थ बदलणे धोक्याचे. लुआच्या कर्त्यांनाही याची जाणीव होती. ५.२ पासून त्यांनी एक तपासणी ठेवली आहे : विभाग ज्या आवृत्तीच्या आणि ज्या संख्याजातींच्या गृहीतावर घडविला गेला, त्या चालू गाभ्याशी जुळतात की नाही, हे ती चालविताना पाहते. लिंकरला योग्यता कळत नाही म्हणून ती विचारण्याची जबाबदारी आज्ञावलीच्या कर्त्याने स्वतःकडे घेतली, असा याचा अर्थ. विभागाने ही तपासणी केलीच नाही, तर मात्र ती व्यर्थ.

७. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा एक व्यवहार्य क्रम निघतो. संदेशांच्या माळेतील अखेरची ओळ ‘लिंकर अपयशी झाला’ एवढेच सांगते. ती सोडून पहिल्या संदेशापासून वाचावे. त्यात मागणारा कोण आणि मागणी कशाची, हे वेगळे लिहून घ्यावे. मग ‘एनएम’ च्या साह्याने त्या नावाची व्याख्या कोणत्या फाइलीत आहे ते पाहावे. कोठेच नसेल, तर लायब्ररी राहिली आहे किंवा आवृत्ती चुकली आहे. वेगळ्या रूपात असेल, तर सी आणि सी++ चा भेद आहे. त्याच रूपात असून सापडत नसेल, तर क्रम किंवा यंत्रजात तपासावी. शेवटी, संदेश असोत वा नसोत, हेडर आणि लायब्ररी एकाच आवृत्तीची आहेत याची खात्री करून घ्यावी.

दोन उपाय मात्र टाळावेत. एक, लायब्ऱ्यांची नावे अंदाजाने वाढवीत जाणे. त्यामुळे भलत्याच लायब्ररीतील त्याच नावाची व्याख्या गळ्यात पडू शकते. दुसरा, मागणीच नाहीशी करणे. ‘डीएलओपन’ चा संदेश टाळण्यासाठी लिनक्सऐवजी ‘जेनेरिक’ हा पर्याय निवडून लुआ घडविली, तर जोडणी निर्विघ्न पार पडते. कारण त्या पर्यायात ते फंक्शन मागितलेच जात नाही. पण मग सी मध्ये लिहिलेला कोणताही बाह्य विभाग आत घेता येत नाही, आणि ते प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत कळत नाही. वाक्यातील न समजणारे पद गाळून वाक्य सुबोध करण्यासारखेच हे आहे.

चालू शकणारी फाइल तयार झाली म्हणजे जोडणी संपली, असेही नव्हे. सामायिक लायब्ऱ्यांची गाठ दर वेळी आज्ञावली सुरू होताना पुन्हा पडते. नव्या यंत्रावर घडविलेली लुआ जुन्या यंत्रावर नेल्यास ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा अर्थाचा नकार येऊ शकतो. तसेच ‘-ई’ हा निर्देश लिंकरला न दिल्यास मुख्य आज्ञावलीतील नावे बाहेरील विभागांना दिसत नाहीत, आणि विभाग आत घेताना ‘लुआ_’ ने आरंभ होणारी नावे अपुरी ठरतात. दोष तेच, वेळ मात्र निराळी. म्हणून उपरिनिर्दिष्ट क्रम येथेही लागू पडतो.

८. साम्याची मर्यादा

शाब्दबोधाशी दाखविलेले हे साम्य मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे. माणूस अपुऱ्या वाक्यात अध्याहाराने भर घालतो, ‘दार!’ एवढे म्हटले तरी ऐकणारा प्रसंगाप्रमाणे ते उघडतो किंवा लावतो. लिंकर आपण होऊन अध्याहार करीत नाही. योग्यतेच्या बाबतीत तर तो माणसाहून फारच उणा आहे. यंत्रजात आणि रचना यांपलीकडे त्याला काही पारखता येत नाही. विस्तवाने झाड शिंपण्यास त्याची हरकत नसते, नावे जुळली म्हणजे झाले.

विश्वनाथासारख्या नैयायिकांनी उपर्युक्त तिहींच्या जोडीला तात्पर्य, म्हणजे वक्त्याचा अभिप्राय, हेही शाब्दबोधाचे कारण मानले आहे. सैंधव मागितल्यावर भोजनाच्या वेळी मीठ आणावयाचे की घोडा, हे तात्पर्यावरूनच ठरते. लिंकरच्या व्यवहारात या चौथ्या कारणाला स्थानच नाही. कोणत्या आवृत्तीची ‘लुआ_रिझ्यूम’ अभिप्रेत होती, हे नामसूचीत लिहिलेले नसते आणि लिंकर ते विचारीत नाही. ते जाणणारा एकटा अभ्यासकच असतो. म्हणून भाषा सोर्सवरून घडविताना कोणती आवृत्ती, कोणत्या हेडर, कोणत्या लायब्ऱ्या आणि कोणती आज्ञा योजली, याची नोंद संशोधनाच्या इतर साधनांच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे ठेवावयास हवी. ती नसेल, तर पुढे आकड्यांविषयी शंका निघाल्यास दोष शोधण्यास आधार राहत नाही. कारण जोडणी यशस्वी झाली होती, एवढीच एक साक्ष तेव्हा हाती असेल, आणि ती साक्ष नावांपुरतीच असते.